कोलमार फोन डेर गोल्ट्स

विल्हेल्म लिओपोल्ड कोलमार फ्रायहेर फोन डेर गोल्ट्स (१२ ऑगस्ट, १८४३ – १९ एप्रिल, १९१६) हा प्रशियन व पुढे जर्मन सैन्यातील फील्ड मार्शल, लष्करी इतिहासकार व युद्धशास्त्रावरील लेखक होता. ओस्मानी सैन्याच्या पुनर्रचनेसाठी त्याने तुर्कस्तानात बारा वर्षे काम केले. त्यामुळे तो गोल्ट्स पाशा या नावानेही ओळखला जातो. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी तो जर्मनव्याप्त बेल्जियमचा पहिला गव्हर्नर-जनरल झाला. आयुष्याच्या अखेरच्या काही महिन्यांत मेसोपोटेमियातील (आजचा इराक) सहाव्या ओस्मानी सैन्याचे नेतृत्व त्याच्याकडे होते. या सैन्याने कुत-अल-अमारा येथे ज्या ब्रिटिश-भारतीय फौजेला वेढा घातला, ती पुण्याची सहावी डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. पहिल्या महायुद्धात मराठी सैनिक जर्मन सेनापतींशी अनेक आघाड्यांवर लढले. परंतु त्यांच्या वाट्याला आलेल्या सर्वांत मोठ्या शोकांतिकेशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, असा जर्मन सेनापती गोल्ट्सच होय.

‘फ्रायहेर’ ही जर्मन सरदारवर्गातील पदवी असून ती साधारणपणे बॅरनच्या तोडीची मानली जाते. १९१८–१९ मध्ये फिनलंड व बाल्टिक प्रदेशांत लढलेला र्‍युडिगर फोन डेर गोल्ट्स हा याच घराण्यातील वेगळा सेनापती आहे. दोघांची गल्लत अनेकदा होते.

बालपण व सैन्यप्रवेश

गोल्ट्सचा जन्म पूर्व प्रशियातील लाबियाऊजवळच्या बिल्केनफेल्ड या जहागिरीच्या गावी झाला. हा प्रदेश आज रशियाच्या कालिनिनग्राद ओब्लास्तात मोडतो. घराणे जुने व खानदानी होते, पण संपत्ती उरलेली नव्हती. वडिलांनी काही वर्षे प्रशियन सैन्यात काढली. लेफ्टनंटच्या वर त्यांची बढती झाली नाही. पुढे त्यांनी शेती केली, तीही साधली नाही. कोलमार सहा वर्षांचा असताना डान्झिगच्या प्रवासात कॉलऱ्याने त्यांचा मृत्यू झाला. जमीनदारीवर जगणे शक्य नसलेल्या प्रशियन सरदारांच्या मुलांना सैन्य हाच मार्ग असे, आणि गोल्ट्सही त्याच मार्गाने गेला.

१८६१ मध्ये तो पायदळात सेकंड लेफ्टनंट झाला. १८६४ मध्ये त्याला बर्लिनच्या युद्ध अकादमीत प्रवेश मिळाला. तेथील शिक्षण चालू असतानाच १८६६ चे ऑस्ट्रिया-प्रशिया युद्ध सुरू झाले व त्याला आघाडीवर जावे लागले. बोहेमियातील ट्राउटेनाऊच्या लढाईत तो जखमी झाला. पगार तुटपुंजा असल्याने तरुणपणी तो नियतकालिकांसाठी कथा लिहून पैसे मिळवीत असे. लेखणीची ही सवय पुढे त्याच्या फार उपयोगी पडली, आणि एकदा ती अंगलटही आली.

१८६७ मध्ये त्याची नेमणूक जनरल स्टाफच्या भूमापन विभागात झाली. १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो राजपुत्र फ्रीडरिख कार्लच्या दुसऱ्या सैन्याच्या मुख्यालयात होता. व्हिओनव्हिल व ग्राव्हलॉतच्या लढाया, मेत्सचा वेढा, ऑर्लेआँ व ल मान्सच्या मोहिमा त्याने जवळून पाहिल्या. मेत्समध्ये मार्शल बाझेनची सुमारे पावणेदोन लाखांची फौज उपासमारीने शरण आली. वेढ्यात भूक हेच शस्त्र असते हे सत्तावीस वर्षांच्या या अधिकाऱ्याने तेथे पाहिले.

गाम्बेताचा प्रश्न

युद्धानंतर गोल्ट्स जनरल स्टाफच्या इतिहास विभागात आला. त्याने दुसऱ्या सैन्याच्या हालचालींवर व ल मान्सच्या सात दिवसांवर ग्रंथ लिहिले. ते अधिकृत इतिहासाच्या चौकटीतले होते व वरिष्ठांना आवडले. १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘लेओं गाम्बेता आणि त्याची सैन्ये’ हे पुस्तक मात्र वेगळे निघाले.

सम्राट तिसरा नेपोलियन सेदाँ येथे कैद झाला तेव्हा युद्ध संपले असे जर्मन सेनापतींना वाटले होते. परंतु फ्रान्समध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले. गाम्बेता नावाचा वकील बलूनमधून वेढलेल्या पॅरिसबाहेर पडला आणि त्याने काही महिन्यांत लाखो लोकांच्या नव्या फौजा उभ्या केल्या. त्या हरल्या, तरी युद्ध पाच महिने लांबले. व्यावसायिक सैन्याच्या अभिमानात वाढलेल्या बहुतेक जर्मन अधिकाऱ्यांनी या फौजांची चेष्टा केली. गोल्ट्सने त्यांचा गांभीर्याने अभ्यास केला. सरकार कोसळले तरी राष्ट्र लढू शकते, आणि पुढच्या युद्धात समोर राजाचे सैन्य नसून संपूर्ण जनता असेल, असा निष्कर्ष त्याने काढला. यासाठी जर्मनीनेही अधिक लोकांना सैनिकी शिक्षण द्यावे व त्याकरिता सक्तीच्या सेवेची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आणावी, असे त्याने सुचविले.

सेवेची मुदत हा त्या काळी जर्मनीत संसद व राजसत्ता यांच्यातील वादाचा मुद्दा होता. उदारमतवाद्यांची मागणी एका जनरल स्टाफ अधिकाऱ्याने उचलून धरावी हे दरबारी वर्तुळाला रुचले नाही. गोल्ट्सला बर्लिन सोडून काही काळ रेजिमेंटमध्ये परतावे लागले. सोळा वर्षांनंतर, १८९३ मध्ये, जर्मनीने पायदळासाठी दोन वर्षांचीच मुदत स्वीकारली.

‘दास फोक इन वाफेन’

१८७८ मध्ये तो बर्लिनच्या युद्ध अकादमीत लष्करी इतिहासाचा व्याख्याता झाला. या पाच वर्षांच्या अध्यापनातून १८८३ साली ‘दास फोक इन वाफेन’, म्हणजे ‘सशस्त्र राष्ट्र’, हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ तयार झाला. त्याचे अनेक भाषांत अनुवाद झाले. तुर्की अनुवाद ‘मिल्लेत-इ मुसल्लहा’ या नावाने निघाला आणि ओस्मानी लष्करी विद्यालयांत एका पिढीने तो वाचला. विसाव्या शतकाच्या मध्यास अर्जेंटिनाचा हुआन पेरोन सैन्य व उद्योगधंदे यांचा मेळ घालण्याची भाषा बोलू लागला तेव्हाही तो गोल्ट्सच्याच कल्पनेचा आधार घेत होता.

ग्रंथाचा गाभा थोडक्यात असा आहे. रेल्वे, तारायंत्र व सक्तीची लष्करसेवा यांमुळे सैन्ये अवाढव्य झाली आहेत. त्यामुळे एका लढाईत निकाल लागण्याचे दिवस संपत आले आहेत. पुढील युद्धे लांबतील, त्यांत राष्ट्राची शेती, कारखाने, शाळा व मनोधैर्य सारेच ओढले जाईल आणि अखेर जो अधिक काळ तग धरील तो जिंकेल. आल्फ्रेड फोन श्लीफेनच्या प्रभावाखालील जनरल स्टाफ पुढील वीस वर्षे झटपट विजयाचे आराखडे आखत राहिला. १९१४ नंतर जे घडले ते गोल्ट्सच्या अंदाजाला अधिक जवळचे होते.

या विचाराची दुसरी बाजूही आहे. जनतेलाच सैन्य मानले की सैनिक व नागरिक यांतील सीमारेषा पुसट होते, आणि शत्रूच्या मुलखातील सामान्य माणूसही युद्धाचा भाग ठरतो. गोल्ट्सच्या लेखनात युद्ध हे राष्ट्रांच्या जीवनातील अटळ व काहीसे आरोग्यदायी सत्य म्हणून येते. बेल्जियममधील त्याच्या वर्तनाची मुळे अनेक अभ्यासक येथे शोधतात.

ओस्मानी सेवा (१८८३–१८९५)

१८७७–७८ च्या युद्धात रशियाकडून झालेल्या पराभवानंतर सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने जर्मनीकडे लष्करी सल्लागार मागितले. जून १८८३ मध्ये गोल्ट्स इस्तंबूलला गेला. ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक काळ, बारा वर्षे, तो तेथे राहिला.

सुलतानाला बलाढ्य सैन्य हवे होते, पण त्या सैन्याचीच भीतीही वाटत होती. त्यामुळे दारूगोळ्यासह नेमबाजीचा सराव, मोठ्या कवायती, अधिकाऱ्यांचे अभ्यासदौरे अशा गोष्टींना परवानगी मिळणे कठीण जाई. गोल्ट्सचे बहुतेक अहवाल राजवाड्यात पडून राहिले. जेथे त्याला मोकळीक मिळाली ते क्षेत्र म्हणजे लष्करी शिक्षण. त्याने विद्यालयांचे अभ्यासक्रम बदलले, पाठ्यपुस्तके लिहिली, जनरल स्टाफचे शिक्षण जर्मन धर्तीवर आणले. १८८६ चा सक्तीच्या भरतीचा कायदा व राखीव दलांची रचना यांतही त्याचा वाटा होता. माउझर रायफली व क्रुप तोफांची मोठी खरेदी याच काळात झाली. सल्लागार आणि विक्रेता यांतील अंतर फारसे राहिले नाही, अशी टीका तेव्हाच होत होती. त्याला ओस्मानी सैन्यातील ‘मुशीर’ म्हणजे मार्शल हा सर्वोच्च हुद्दा मिळाला.

१८९७ च्या युद्धात ओस्मानी सैन्याने ग्रीसचा महिन्याभरात पराभव केला, त्याचे श्रेय युरोपीय वृत्तपत्रांनी गोल्ट्सला दिले. १९१२–१३ च्या बाल्कन युद्धांत तेच सैन्य वाईट रीतीने हरले, तेव्हा दोषही त्याच्याच माथी आला. त्यावर त्याने एक पुस्तिका लिहून पराभवाची कारणे मांडली व तुर्कस्तान पुन्हा उभा राहू शकतो असा विश्वास व्यक्त केला. त्याच्या शिष्यांपैकी कित्येक जण पुढे तरुण तुर्क चळवळीत शिरले आणि त्यांनी १९०८–०९ मध्ये त्याच अब्दुल हमीदची सत्ता संपवली. सुलतानाची भीती अनाठायी नव्हती.

जर्मनीत पुनरागमन

जर्मनीत परतल्यावर त्याने पाचव्या डिव्हिजनचे नेतृत्व केले. १८९८ मध्ये तो इंजिनिअर दलाचा प्रमुख व किल्ल्यांचा महानिरीक्षक झाला, १९०२ मध्ये क्योनिग्सबर्ग येथील पहिल्या कोअरचा सेनापती. श्लीफेनच्या निवृत्तीच्या वेळी जनरल स्टाफच्या प्रमुखपदासाठी त्याच्याही नावाची चर्चा होती. सम्राट दुसरा विल्हेल्म याने धाकट्या मोल्टकेला पसंती दिली. १९०८ मध्ये तो कर्नल-जनरल झाला आणि १९११ मध्ये फील्ड मार्शल.

१९११ मध्येच त्याने ‘युंगडॉइचलांडबुंड’ ही युवक संघटनांची शिखरसंस्था स्थापन केली. शाळा सुटल्यापासून सैन्यात भरती होईपर्यंतच्या मधल्या वर्षांत मुलांना मैदानी शिस्त लावावी हा तिचा हेतू होता. ‘सशस्त्र राष्ट्र’ पुस्तकातून मैदानात उतरविण्याचाच हा प्रयत्न होता. १९१४ पर्यंत तिच्याशी संलग्न सदस्यांची संख्या सुमारे साडेसात लाख झाली. १९१३ मध्ये, सत्तराव्या वर्षी, गोल्ट्स निवृत्त झाला.

बेल्जियम

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच त्याला परत बोलावून बेल्जियमचा गव्हर्नर-जनरल नेमण्यात आले. तो तेथे जेमतेम तीन महिने होता. रेल्वे किंवा तारा तोडल्या गेल्यास जवळच्या गावांना जबाबदार धरले जाईल, त्यासाठी ओलीस ठेवले जातील आणि दोषी-निर्दोष असा भेद न करता शिक्षा होईल, असे त्याचे हुकूम होते. बेल्जियमवर जर्मन सैन्याने केलेल्या अत्याचारांपैकी सर्वांत भीषण घटना त्याच्या कारकिर्दीपूर्वी वा थेट त्याच्या अखत्यारीबाहेर घडल्या असल्या, तरी या हुकूमनाम्यांमुळे दोस्त राष्ट्रांच्या दृष्टीने त्याचे नाव जर्मन दडपशाहीचे प्रतीक बनले. नोव्हेंबर १९१४ च्या अखेरीस मोरित्स फोन बिसिंग त्याच्या जागी आला.

त्यानंतर त्याला इस्तंबूलला सुलतान पाचवा मेहमेद याचा लष्करी सल्लागार म्हणून पाठविण्यात आले. तेथे जर्मन लष्करी मंडळाचा प्रमुख लीमान फोन झान्डर्सशी त्याचे जमले नाही. १९१५ च्या वसंतात त्याला पहिल्या ओस्मानी सैन्याचे नेतृत्व मिळाले, पण त्या वर्षीची मोठी लढाई, गॅलिपोली, लीमानच्या हाती होती.

मेसोपोटेमिया

ब्रिटिशांची मेसोपोटेमिया मोहीम सुरुवातीला तेलवाहिनीच्या व इराणी आखाताच्या रक्षणासाठी होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये मुंबईहून गेलेल्या सहाव्या (पूना) डिव्हिजनच्या तुकड्या फावजवळ उतरल्या व त्यांनी त्याच महिन्यात बसरा घेतले. या डिव्हिजनचे शांतताकाळातील ठाणे पुणे होते. तिच्या तीन ब्रिगेडींत प्रत्येकी एक मराठा पलटण होती: १६व्या ब्रिगेडमध्ये ११७वी महरत्ता, १७व्यात १०३वी महरत्ता लाइट इन्फन्ट्री आणि १८व्यात ११०वी महरत्ता लाइट इन्फन्ट्री. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्याही सोबत होत्या. या पलटणींतील मराठे प्रामुख्याने कोकण व देशावरील शेतकरी कुटुंबांतून आलेले होते.

सुरुवातीच्या यशाने हुरळून जाऊन वरिष्ठांनी बगदादपर्यंत जाण्याचा निर्णय घेतला. वाहतुकीच्या नौका अपुऱ्या होत्या, दवाखान्यांची व्यवस्था नावापुरती होती. डिव्हिजनचा सेनापती मेजर-जनरल चार्ल्स टाउनशेंड याला स्वतःला शंका होत्या, तरी तो पुढे गेला. ऑक्टोबर १९१५ मध्ये एन्व्हर पाशाने बगदाद वाचविण्यासाठी सहावे सैन्य गोल्ट्सच्या हाती दिले. बहात्तर वर्षांचा हा फील्ड मार्शल रेल्वे, मोटार व नौका यांनी मजल दरमजल करीत डिसेंबरमध्ये बगदादला पोहोचला.

तत्पूर्वी २२ ते २५ नोव्हेंबर दरम्यान बगदादजवळ तेसिफोन येथे निर्णायक टक्कर झालेली होती. काही ग्रंथांत या लढाईचे श्रेय गोल्ट्सला दिले जाते. प्रत्यक्षात तिचे संचालन नूरेद्दीन बे याने केले. टाउनशेंडचे सुमारे ४,६०० सैनिक मृत वा जखमी झाले. त्याने माघार घेतली आणि ३ डिसेंबरला तैग्रिसच्या वळणावरील कुत गाठले. नदीने तीन बाजूंनी वेढलेले हे गाव बचावाला सोपे होते, पण त्यातून बाहेर पडणे तितकेच अवघड. ७ डिसेंबरपासून वेढा सुरू झाला. आत सुमारे ११,६०० लढवय्ये, साडेतीन हजारांच्या आसपास सेवक-अनुयायी व काही हजार अरब रहिवासी होते.

नूरेद्दीनला गाव हल्ला करून घ्यायचे होते. २४ डिसेंबरला ईशान्येकडील मातीच्या गढीवर मोठा हल्ला झाला. तोफांनी भिंत पाडली, ओस्मानी सैनिक खिंडारातून आत शिरले. ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर लाइट इन्फन्ट्री व १०३वी महरत्ता यांच्यासह तेथील तुकड्यांनी हातघाईच्या लढाईत ते परतवून लावले. हल्ला फसल्यावर गोल्ट्सची भूमिका निर्णायक ठरली. त्याने थेट हल्ले थांबवून गावाची पूर्ण कोंडी करण्यावर भर दिला आणि मुख्य बळ नदीच्या खालच्या अंगाला, मदतीला येणाऱ्या फौजेच्या वाटेवर, खंदकांत बसविले. जानेवारीत नूरेद्दीनच्या जागी एन्व्हरचा नातलग हलील बे आला. योजना तीच राहिली.

पेचप्रसंग सोपा नव्हता. इराणमध्ये रशियन सेनापती बारातोव्ह कर्मानशाहपर्यंत आला होता आणि बगदादला पूर्वेकडूनही धोका होता. इराणमार्गे अफगाणिस्तान व हिंदुस्थानात ब्रिटिशांविरुद्ध उठाव घडवून आणण्याच्या जर्मन योजनांचा भारही गोल्ट्सवर होता. त्यातून हाती फारसे काही लागले नाही. त्याच्याजवळ माणसे व तोफा कमी होत्या. भूक मात्र पुरेशी होती.

जानेवारी ते एप्रिल १९१६ या काळात शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नायियात अशा ठिकाणी ब्रिटिश-भारतीय मदतफौजेने पुन्हा पुन्हा धडका दिल्या. चिखल, पूर व उघडे सपाट मैदान यांत ते हल्ले मोडून पडले. आतील सुमारे तेरा हजारांना सोडविण्याच्या प्रयत्नात बाहेरचे सुमारे २३,००० सैनिक मृत वा जखमी झाले.

कुतमध्ये धान्य संपत आले तेव्हा घोडे व खेचरे कापण्यात आली. बहुसंख्य हिंदी सैनिकांनी ते मांस नाकारले. यामागे केवळ धर्मभावना नव्हती. गावी परतल्यावर जातीबाहेर टाकले जाण्याची, मुलांची लग्ने अडण्याची भीती होती. टाउनशेंडने बिनतारी संदेशाद्वारे हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून अनुमती मागविली व ती आली, तरी संकोच लवकर सुटला नाही. एप्रिलमध्ये रोजचे पीठ मूठभर उरले तेव्हा हजारो जण ते खाऊ लागले. तोवर भाजीपाला व मांस न मिळाल्याने स्कर्व्हीने त्यांना पोखरले होते. ब्रिटिश लेखकांनी या नकाराला हट्ट म्हटले, तर काहींनी पराभवाचे खापरही त्यावर फोडले. ज्या सरकारने बोटी व धान्य यांची तजवीज न करता त्यांना तीनशे मैल आत ढकलले, त्याची जबाबदारी त्याने कमी होत नाही. १९१७ च्या मेसोपोटेमिया चौकशी आयोगाने ती स्पष्टपणे नोंदविली आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला.

गोल्ट्सच्या सिद्धान्तानुसार अशा युद्धात राष्ट्राची इच्छाशक्ती कसाला लागते. कुतमध्ये दोन्ही बाजूंनी उपाशी राहणारे सैनिक पाहिले तर ही मांडणी तोकडी वाटते. मराठे, राजपूत, पंजाबी कोणत्याही स्वतंत्र राष्ट्राच्या वतीने लढत नव्हते. त्यांना लढवीत होती ती पलटणीची अब्रू, पगार आणि गावातील नाव. समोरच्या खंदकातील अनातोलियन व अरब शेतकऱ्यांचीही स्थिती याहून फार निराळी नव्हती.

आर्मेनियनांचा प्रश्न

१९१५ मध्ये ओस्मानी सरकारने आर्मेनियन प्रजेची हद्दपारी व कत्तल आरंभली तेव्हा गोल्ट्स ओस्मानी सेवेतील सर्वांत ज्येष्ठ जर्मन अधिकारी होता. आघाडीजवळच्या आर्मेनियनांना हलविण्याच्या मूळ कल्पनेस त्याची संमती होती काय, यावर इतिहासकारांत तीव्र मतभेद आहेत. डिसेंबर १९१५ मध्ये मोसुलपर्यंत पोहोचलेल्या निर्वासित आर्मेनियनांना पुन्हा हाकलण्याचा हुकूम आला, तेव्हा त्याने आपल्या सैन्याच्या हद्दीत त्यास मनाई केली व सेनापतिपद सोडण्याची धमकी दिली. सरकारने मर्यादित माघार घेतली. या हस्तक्षेपाने काही जीव वाचले. एकूण संहाराचा विचार करता तो उशिरा व एका कोपऱ्यापुरता होता.

मृत्यू व नंतर

एप्रिल १९१६ मध्ये सैन्यात प्रलापक ज्वराची (टायफस) साथ होती. तिची लागण होऊन १९ एप्रिलला बगदाद येथे गोल्ट्सचा मृत्यू झाला. तरुण तुर्कांनी विषप्रयोग केल्याची अफवा तेव्हा पसरली होती; तिला पुरावा नाही. दहा दिवसांनी, २९ एप्रिलला, जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर कुत शरण आले. विजयाचा मान हलीलला मिळाला आणि पुढे तुर्कस्तानात आडनावांचा कायदा आला तेव्हा त्याने ‘कुत’ हेच आडनाव घेतले. पुढील वर्षी बगदाद जिंकणारा ब्रिटिश सेनापती स्टॅन्ली मॉड नोव्हेंबर १९१७ मध्ये कॉलऱ्याने वारला, तो गोल्ट्स वारला त्याच घरात.

गोल्ट्सचे शव नंतर इस्तंबूलला नेऊन बोस्फोरसच्या काठी ताराब्या येथील जर्मन दूतावासाच्या उन्हाळी निवासाच्या आवारात पुरण्यात आले. त्याच्या आठवणी मुलाने व वोल्फगांग फ्योर्स्टरने संपादित करून १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या.

शरण आलेल्या टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवण्यात आले. त्याच्या सैनिकांना वाळवंटातून पायी हाकीत अनातोलियात नेले गेले व बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. वाटेत आणि छावण्यांत हजारो जण मरण पावले. मेसोपोटेमियात पडलेल्या व ज्यांची थडगी नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसऱ्याजवळ स्मारक आहे. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच.

तिन्ही मराठा पलटणी युद्धकाळातच नव्याने उभारण्यात आल्या. १९२२ च्या पुनर्रचनेत त्या पाचव्या महरत्ता लाइट इन्फन्ट्रीत गेल्या: १०३वी पहिली बटालियन झाली, ११०वी तिसरी आणि ११७वी पाचवी (रॉयल). रेजिमेंटचे केंद्र बेळगाव येथे आले. पहिली बटालियन आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाते, तर तिसरी स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये दुसरी बटालियन म्हणून समाविष्ट झाली. कुतच्या बचावाचा युद्धसन्मान रेजिमेंटच्या सन्मानांत नोंदलेला आहे.